आईच्या गोळ्या त्याच राहिल्या, आई मात्र अर्धी झाली

सुरंगी | २ जून, रात्री १०.१५

मंडळी, हा धागा महिन्याभरापूर्वीच काढायला हवा होता. तेव्हा हात धजला नाही.

आई ७८ वर्षांची. गुहागर तालुक्यात खाडीच्या अंगाला आमचं घर. ती एकटीच असते, रात्री सोबतीला चुलतवहिनी येऊन झोपते. मी डोंबिवलीला. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पहाटे चारला वहिनीचा फोन आला, "काकी हाक मारली तरी नीट बघत नाहीत, घामाने लुगडं भिजलंय, आणि रातांबे फोडायचे राहिले, रातांबे फोडायचे राहिले एवढंच बोलतायत." घरात शुगरचं मशीन होतं. वहिनीने बघितलं तर ४२. घोट गिळता येत होता म्हणून साखरेचं पाणी पाजलं. अर्ध्या तासाने आई उठून बसली, "मला काय झालं नाही गो, झोपा तुम्ही" म्हणाली. आम्ही निर्धास्त झालो. सहा वाजता पुन्हा तेच.

चिपळूणला नेलं. दोन दिवस ग्लुकोजची सलाईन लावून ठेवली होती. डॉक्टरांनी सांगितलं की तिची शुगरची गोळी, ग्लिबेनक्लामाइड, मूत्रपिंडं थकली की अंगातून लवकर निघत नाही. म्हणून साखर एकदा वर आली तरी पुन्हा खाली घसरते.

मग त्यांनी औषधं मागितली. वहिनीने पेढ्यांच्या खोक्यात भरून आणली होती. नऊ पाकिटं. त्यातलं अम्लोडिपिन प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळालेलं, आणि खाजगी डॉक्टरांनी दिलेल्या बीपीच्या जोडगोळीतही (एकाच गोळीत दोन औषधं) तेच अम्लोडिपिन. नावं वेगळी, रंग वेगळे, म्हणून आई दोन्ही घेत होती. त्याने पाय सुजले, तर सुजेसाठी लघवी होण्याची गोळी आली. लघवीला रात्री उठावं लागतं, झोपमोड होते, म्हणून झोपेची आली. एकेक गोळी ज्याने दिली त्याने तेव्हा बरोबरच दिली असेल. पण सगळी एका टेबलावर मांडून कोणी पाहिलीच नव्हती. मीही नाही.

शुगरची गोळी २०१४ पासून त्याच डोसने चालू. तेव्हा बाबा होते, आईचं वजन ५८ किलो होतं, दोन वेळा भाकरी-भात खाऊन ती कलमांना पाणी घालायची. चिपळूणला काट्यावर उभी केली तर ४३. दात काढल्यापासून कवळी टोचते, म्हणून रात्री वाटीभर पेज आणि त्यावर मेतकूट, एवढंच जेवण. आणि त्या पेजेच्या आधी तीच जुनी गोळी.

सगळ्यात जास्त मला हे लागलंय. फेब्रुवारीत तिची तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी तपासणी, ती टक्क्यांत येते) ६.१ आली होती. आम्ही सगळ्यांनी फोनवर तिचं कौतुक केलं. डॉक्टरांनी तो कागद बघितला आणि म्हणाले, "या वयात, या वजनाला, या गोळीवर ६.१ आला तेव्हाच डोस कमी करायला हवा होता."

आता ग्लिबेनक्लामाइड बंद आहे, शुगरची दुसरी गोळी मेटफॉर्मिन निम्मी केलीय (त्याने भूकही मरते म्हणे), दुहेरी अम्लोडिपिन काढलं. लघवीच्या आणि झोपेच्या गोळीचं पुढच्या भेटीला बघू म्हणालेत.

तुमच्या घरी वडीलधाऱ्यांच्या गोळ्यांचा डोस कोण बघतं? तो कमी करायची वेळ आली हे कसं ओळखता? गावात दोन डॉक्टर, एक सरकारी केंद्र आणि मुलं मुंबईला, अशा घरात हे कसं जमवायचं? कोणी जमवलं असेल तर मनापासून लिहा.

काजूबोंड | २ जून, रात्री ११.०२

वाचून अंगावर काटा आला. आमच्या अण्णांची २०२१ च्या जुलैतल्या चिपळूणच्या पुरात अख्खी फाईल गेली. कुठली गोळी कशासाठी चालू झाली हे आज कोणालाच सांगता येत नाही. दुकानात जुनं पाकीट दाखवायचं आणि तेच घेऊन यायचं, असं चार वर्षं चाललंय. उद्याच वजन करतो त्यांचं.

खलबत्ता | ३ जून, सकाळी ८.४०

मी रत्नागिरी जिल्ह्यात औषधांचं दुकान चालवतो, २२ वर्षं झाली. जुनं पाकीट दाखवून "हेच द्या" म्हणणारी दिवसाला वीस माणसं येतात. त्यातली निम्मी सत्तरीच्या पुढची.

सुरंगीताई, तुमच्या आईचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडांसाठी रक्तात बघतात तो आकडा) किती आलं होतं? बहुतेक "नॉर्मल" असणार. म्हाताऱ्या, हडकुळ्या माणसात हाच आकडा फसवतो. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. स्नायूच झिजले तर ते कमीच तयार होणार, मग मूत्रपिंडं निम्म्यावर आली तरी रिपोर्टात आकडा शहाण्यासारखा दिसतो. मूत्रपिंडं मिनिटाला साधारण किती मिली रक्त साफ करतात हे काढायला कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट या दोघांनी १९७६ साली मांडलेलं एक सोपं गणित आहे. १४० मधून वय वजा करा, त्याला वजनाने गुणा, आणि ७२ गुणिले क्रिएटिनिन याने भागा. बाई असेल तर आलेल्या उत्तराला ०.८५ ने गुणा.

समजा क्रिएटिनिन १.१ आहे. चाळिशीच्या, ६५ किलोच्या पुरुषात उत्तर ८२ येईल. ७८ वर्षांच्या, ४३ किलोच्या बाईत तेच १.१ असलं तर उत्तर २९ च्या आत. कागदावर दोघांचा आकडा सारखाच! लॅबच्या रिपोर्टात हल्ली खाली ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडांच्या कामाचा अंदाज, छापून येतो. तो ठरावीक आकाराचं शरीर गृहीत धरतो, म्हणून लहानखुऱ्या म्हाताऱ्या माणसात तो या गणितापेक्षा बराच जास्त दिसू शकतो. डॉक्टरांना दोन्ही दाखवा. हे गणित डोस ठरवायला नाही, "डॉक्टर, एकदा बघाल का" असं विचारण्यासाठी आहे.

हृदयाची डिगॉक्सिन, मेटफॉर्मिन, नसांच्या दुखण्यावरच्या गॅबापेन्टिन आणि प्रीगॅबालिन, रक्त पातळ करणाऱ्या काही नव्या गोळ्या, लघवीच्या इन्फेक्शनवरची काही अँटिबायोटिक्स, या सगळ्यांना मूत्रपिंडाच्या हिशेबाने डोस लागतो. डिगॉक्सिनवर असलेल्या म्हाताऱ्या माणसाची जेवणावरची वासना गेली, मळमळायला लागलं, दिवे पिवळसर दिसायला लागले, तर ते वयामुळे आहे असं समजून गप्प बसू नका. औषध अंगात साठत असू शकतं.

दुसरं, पाकिटावर मोठ्या अक्षरांतलं नाव हे कंपनीचं. त्याच्याखाली बारीक अक्षरांत असतं ते खरं औषध आणि त्याचे मिलिग्रॅम. ते वाचा. वाचता येत नसेल तर दुकानदाराकडून पाकिटावर मार्करने "बीपी", "शुगर" असं लिहून घ्या. आम्ही नाही म्हणत नाही. सगळी पाकिटं पिशवीत घालून आणलीत तर दुपारी गिऱ्हाईक नसताना दहा मिनिटांत दुहेरी काय आहे ते सांगता येतं.

आणि गोळी मोडण्याबद्दल. मधोमध रेघ असली तर बहुधा मोडता येते. नावापुढे एसआर, ईआर, एक्सएल असं असेल तर विचारल्याशिवाय मोडायची नाही, कुटायची तर नाहीच. त्या गोळीत दिवसभराचं औषध हळूहळू सुटावं अशी रचना असते, ती चुरली की सगळं एकदम अंगात जातं. गिळवत नाही म्हणून खलात कुटून मधातून देणारी घरं मी पाहिली आहेत. पातळ औषध मिळतं का ते विचारा, पुष्कळदा मिळतं.

माडाखाली | ३ जून, दुपारी १.२०

सगळं मान्य. पण प्रत्येक वेळी डॉक्टरांकडे न्यायचं म्हणजे वाडीतून रिक्षा, मग एसटी, मग नंबर लावून बसा, अख्खा दिवस जातो. ८१ वर्षांच्या माणसाला ते झेपत नाही. आमच्या आबांना सकाळी उठलं की भोवळ यायची. मी बीपीची गोळी स्वतःच अर्धी केली. आता भोवळ कमी आहे, बीपी १५० च्या आसपास असतं. काही बिघडलं नाही. आपल्या माणसाला आपणच ओळखतो.

निवृत्तसिस्टर | ३ जून, संध्याकाळी ६.५५

माडाखाली, तुमची अडचण खरी आहे. मी ३१ वर्षं ग्रामीण रुग्णालयांत काढली, पावसात डोलीतून माणसं आणलेली बघितली आहेत. तरी हे लिहिल्यावाचून राहवत नाही.

तुम्ही अर्धी केलीत ती कुठली गोळी, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्यावर सगळं अवलंबून आहे. क्लोनिडिन अचानक कमी केलं तर बीपी आधीपेक्षाही वर उसळतं. मेटोप्रोलॉल, अटेनोलॉलसारख्या गोळ्या एकदम सोडल्या तर छातीत कळ येऊ शकते, ठोके धावायला लागतात. माझ्याच पाळीत एक आजोबा आले होते. गावजेवणाला गेले आणि पाकीट घरी राहिलं, चार दिवस गोळी नाही. पाचव्या दिवशी छाती धरूनच आले. तसंच स्टिरॉइड, फिट्सच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, स्टेंट घातल्यानंतरच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. यातलं काहीही आपल्या मनाने कमी करायचं नाही.

भोवळीचं मात्र तुम्ही बरोबर हेरलंत. आता एवढं करा. सकाळी आबांना पाच मिनिटं आडवं राहू द्या आणि निजल्या निजल्या बीपी घ्या. मग उभं करा, धरून, हाताशी भिंत असू दे. एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्या. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने पडला तर उभं राहिल्यावर त्यांच्या डोक्याला रक्त कमी पोचतंय. हे तीन-चार दिवस वहीत लिहा आणि तेवढं पान डॉक्टरांना पाठवा. बसवून घेतलेल्या एका बीपीवर डॉक्टरांना हे कधीच कळणार नाही, कारण बसलेलं असताना ते छानच असतं. कदाचित दोष बीपीच्या गोळीचा नसेलही. प्रोस्टेटची गोळी चालू आहे का? त्यानेही उभं राहिल्यावर बीपी पडतं.

सुरंगी, तुझ्या वहिनीला माझा नमस्कार सांग. तिने घोट गिळता येतोय हे बघून पाजलं, हे फार शहाणपणाचं केलं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतलं तर ते श्वासनळीत जातं. अशा वेळी कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन करायचा, बस्स. आणि शुद्धीवर आल्यावर नुसत्या साखरेवर थांबायचं नाही, भात, पोळी, दूध असं काहीतरी पोटात घालायचं आणि दर अर्ध्या तासाने शुगर बघत राहायची.

दर्यावर्दी | ३ जून, रात्री ९.३०

मालवणहून लिहितोय. आमच्या बापाशीची गोष्ट सांगतो, कारण हे कुठल्या चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं.

त्यांना हृदयाच्या त्रासासाठी टेल्मिसार्टन आणि स्पायरोनोलॅक्टोन अशा दोन गोळ्या. दोन्ही अंगातलं पोटॅशियम धरून ठेवणाऱ्या. वैशाखात उष्मा फार, म्हणून मी रोज माडावरून दोन अडसरां (शहाळी) काढून त्यांना देत होतो. एका मोठ्या अडसरात केळ्यापेक्षा जास्त पोटॅशियम असतं, हे मला कुठे माहीत! वर कोणीतरी सांगितलं म्हणून बीपीसाठी ते कमी सोडियमचं मीठ आणलं होतं. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच असतं. पंधरा दिवसांत ते उठेनासे झाले. "माका काय झाला नाय, पाय तेवढे जड झाले हत," म्हणायचे. नाडी ४४. पोटॅशियम ६.२ निघालं. ५ च्या वर गेलं की काळजी सुरू होते.

औषध तेच, डोस तोच, वर्षभर सुखाने चालू होता. मी आणलेल्या शहाळ्यांनी तो डोस भारी पडला.

पावसात याच्या उलट. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. मग उन्हाळ्यात भरून ठेवलेले सुके बांगडे, सुंगटां, खारे मासे. सगळं मिठात मुरलेलं. शेजारच्या आजीचं बीपी दर जुलैला चढायचं, डॉक्टर गोळी वाढवायचे, आणि नारळी पौर्णिमेनंतर ताजे मासे आले की वाढवलेली गोळी तशीच राहायची, मग गणपतीत घेरी येऊन पडायची. दोन वर्षं हे झाल्यावर तिच्या सुनेच्या लक्षात आलं. आता ती आगोटीलाच, पावसाच्या तोंडावर, डॉक्टरांना सांगते, "पुढचे दोन महिने सुकं खाणार." डॉक्टर बीपी बघून सांगतात गोळीचं काय करायचं, आणि सुकी मासळी किती वेळ भिजवून पाणी टाकून द्यायची तेही.

बकुळफूल | ३ जून, रात्री १०.१०

दर्यावर्दींचं अगदी पटलं. माझ्या सासूबाईंची हृदयाची झडप बदलली आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. पहिला पाऊस पडला की आमच्याकडे टाकळा, मग अळू, मायाळू, रोज हिरवी भाजी. त्यांचा आयएनआर (रक्त किती पातळ आहे तो तपासणीतला आकडा) दर आषाढात खाली यायचा. पालेभाजीतलं व्हिटॅमिन के त्या गोळीच्या विरुद्ध काम करतं. डॉक्टर म्हणाले, भाजी सोडू नका, पण बारा महिने साधारण सारखी खा, आणि ऋतू बदलला की आठ दिवसांत तपासणी करा. कोणी काढा, चूर्ण, लेप काही दिलं तरी आधी फोन करा. डोस त्या आकड्यावर ठरतो, अंदाजावर नाही.

खाडीपलीकडे | ४ जून, सकाळी ७.१५

आमचं गाव दापोलीकडे, घरात रोजे असतात. अब्बा ७४ वर्षांचे, इन्सुलिनवर. "एवढी वर्षं धरले, आता काय सोडू?" हे त्यांचं म्हणणं, आणि आम्हा मुलांना त्यांच्यापुढे बोलवत नाही. रमजानच्या दोन महिने आधी मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी अब्बांना समोर बसवून शांतपणे समजावलं, सहरीचं इन्सुलिन कमी केलं, इफ्तारचं वेगळं ठरवलं, आणि शुगर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडायचा, असं अब्बांकडून कबूल करून घेतलं. सुई टोचून शुगर बघितल्याने रोजा तुटत नाही, हे आमच्या मशिदीतल्या मौलानांनीही सांगितलं. तेव्हा अब्बा तपासू द्यायला लागले. तरी या वर्षी दहा रोजे झाल्यावर थांबवलं, आणि ते अब्बांनी स्वतःहून थांबवलं. एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार करणाऱ्या घरांतही हे उपासाच्या आदल्या दिवशी नाही, महिनाभर आधी विचारा.

अजून एक, हे इन्सुलिनवाल्या प्रत्येक घराने वाचावं. आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदींचं मिळतं. नेहमीच्या बाटलीत १ मिलीला ४० युनिट, तिची सिरिंज लाल टोपणाची. पेनमध्ये, आणि काही बाटल्यांतही, १ मिलीला १०० युनिट, त्याची सिरिंज नारिंगी टोपणाची. अब्बांचं पेन बिघडलं तेव्हा भावाने पेनातलं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये ओढलं, २० च्या रेघेपर्यंत. म्हणजे अंगात गेले असते ५० युनिट. सुई टोचायच्या आधी भाभीने टोपण बघितलं आणि हात धरला, अल्लाहची मेहरबानी.

माडाखाली | ५ जून, सकाळी ११.४५

सिस्टर, तुम्ही सांगितलंत तसं तीनदा केलं. निजून १५२, १४८, १५४. उभं राहिल्यावर ११८, ११२, १२०. मी हादरलो. अर्धी केली होती ती मेटोप्रोलॉलच होती, तीही नावापुढे एक्सएल असलेली. खलबत्ता, तुमचं वाचल्यावर ते पाकीट हातात घेऊन बराच वेळ बसून राहिलो.

डॉक्टरांना वहीचा फोटो पाठवला, त्यांनी स्वतः फोन केला. प्रोस्टेटची गोळी आबा सकाळी घेत होते, ती रात्री निजताना घ्यायला सांगितली, आणि लघवीच्या डॉक्टरांना विचारून बदलायची का ते ठरवणार आहेत. मेटोप्रोलॉल पूर्ववत. उठताना आधी दोन मिनिटं खाटेवर पाय सोडून बसायचं. अख्खा दिवस जाईल म्हणून मी घाबरत होतो, एका पानावर काम झालं. तुमचे उपकार आहेत.

लाटघाटी | ५ जून, रात्री ११.३०

मी डॉक्टर आहे, रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर एका प्राथमिक आरोग्य केंद्रात. धागा वाचून झोप येईना, म्हणून आमच्या बाजूनेही लिहितो.

ओपीडीत एका माणसाला मला मोजून तीन-चार मिनिटं मिळतात. समोरच्या आजींना मी "बाकी काय चालू आहे?" विचारतो. त्या म्हणतात, "एक पिवळी, एक पांढरी." यात मी काय जुळवणार? सगळी पाकिटं आणणारा नातेवाईक आला की मला खरंच हायसं वाटतं. गुडघ्याचं तेल, दुकानातून घेतलेलं सर्दीचं औषध, वैद्यांची पुडी, सगळं आणा. सर्दीच्या पातळ औषधातल्या क्लोरफेनिरामाइनने म्हाताऱ्या माणसाची लघवी तुंबते, मन भ्रमिष्ट होतं, आणि घरचे समजतात की विसरण्याचा आजार सुरू झाला.

नवीन तक्रार आली की माझा पहिला प्रश्न असतो, गेल्या महिन्या-दोन महिन्यांत कुठली गोळी नवीन लागली किंवा वाढली? सुरंगीताईंच्या आईचे पाय अम्लोडिपिनने सुजले आणि सुजेवर दुसरी गोळी आली, हे आम्हा डॉक्टरांकडून होतं, मान्य करतो.

मार्क बीअर्स नावाच्या अमेरिकी वैद्यकतज्ज्ञाने १९९१ साली म्हाताऱ्या माणसांत जपून वापरायच्या औषधांची यादी केली. ती अजून सुधारली जाते, अलीकडे २०२३ साली झाली. ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड, झोपेच्या गोळ्या, क्लोरफेनिरामाइन, सगळी त्यात आहेत. यादीत नाव आहे म्हणून उद्या बंद करायची, असा तिचा अर्थ नाही. ज्याला द्यायची आहे त्याच्याकडे नीट बघून द्या, एवढाच आहे. निरोगी साठीच्या माणसाची सरासरी शुगर ७ च्या आसपास ठेवायचा आग्रह धरतो, तो थकलेल्या, चार आजार असलेल्या ऐंशीच्या माणसात ८ पर्यंत सैल करतो. त्या वयात थोडी चढलेली शुगर हळूहळू त्रास देते, उतरलेली एका रात्रीत माणूस नेते.

डोस बदलताना मी एका वेळी एकच बदल करतो. चार गोळ्या एकदम हलवल्या आणि माणूस बरा झाला किंवा बिघडला, तर कशाने ते कधीच कळत नाही. नवीन औषध लहान डोसने सुरू करायचं आणि सावकाश वाढवायचं. थायरॉइडची गोळी हृदय अधू असलेल्या आजींना १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅमपासून द्यायची, आणि सहा ते आठ आठवडे थांबून रक्त तपासायचं. लोकांना वाटतं डॉक्टर उगाच वेळ काढतात. शरीराला स्थिरावायला तेवढे दिवस लागतातच.

जुलाब, उलट्या, ताप आणि खाणं बंद, अशा दिवसांत नेहमीच्याच गोळ्या विषासारख्या वागू शकतात. बीपीची टेल्मिसार्टन-रामिप्रिलसारखी गोळी, लघवीची गोळी आणि वर कंबरदुखीसाठी डायक्लोफेनॅक, हे तिन्ही एकत्र आणि अंगातलं पाणी कमी, यात मूत्रपिंडं बसलेली मी दर मे महिन्यात बघतो. अशा आजारपणात कुठल्या गोळ्या दोन दिवस थांबवायच्या, हे बरं असतानाच डॉक्टरांकडून लिहून घ्या. ऐन वेळी नेटवर्क नसतं, होडी नसते, एसटी बंद असते.

दोन डॉक्टर असतील तर एकाला प्रमुख करा आणि दुसऱ्याला तसं सांगा. आम्हाला राग येत नाही. एखाद्याला आलाच तर येऊ दे.

सुरंगी | १५ जून, रात्री ९.२०

तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंत की मी दोन दिवस नुसतं वाचत होते. शनिवारी गावाला जाऊन आले.

खोकं रिकामं केलं. ओटीवर चटई घातली, नऊ पाकिटं मांडली, आई शेजारी बसली. प्रत्येक गोळी कधीपासून, कशासाठी, ते तिला विचारत गेले. ग्लिबेनक्लामाइडचं उरलेलं पाकीट टाकायला घेतलं तर तिने हात धरला. "तुझे बाबा स्वतः चिपळुणातून आणून द्यायचे ही. बारा वर्षं घेतली, हिने मला सांभाळलं." मला काही बोलता येईना. मग वहिनीच म्हणाली, "काकी, तेव्हा तुम्ही ५८ किलोच्या होतात, हिने सांभाळलं. आता ही तुम्हाला पेलवत नाही." आईने पाकीट सोडलं. त्यातल्या सगळ्या गोळ्या फोडून दुकानात परत नेऊन दिल्या, घरात ठेवल्या नाहीत.

लघवीची गोळी डॉक्टरांनी बंद केली. दुहेरी अम्लोडिपिन काढल्यापासून पायांची सूज आपोआपच उतरली होती. रात्रीचं उठणं चार वेळांवरून एकदा. सकाळची शुगर १२० ते १५० असते. कवळी घासून घेतली, आता भाकरी कालवून खाते. वजन ४४.

आता सहा गोळ्या राहिल्यात. खलबत्तांनी सांगितलं तसं वहिनीने पाकिटांवर मार्करने लिहिलंय, आणि नाव, डोस, वेळ, कोणी दिली असा कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. त्याचा फोटो माझ्या, भावाच्या आणि दोन्ही डॉक्टरांच्या फोनमध्ये आहे.

राहिली झोपेची अल्प्राझोलाम. रात्री लघवीला उठणं थांबलं, तर आता ती कशाला असं आईच म्हणतेय. उद्यापासून बंद करू का?

निवृत्तसिस्टर | १५ जून, रात्री ९.४१

उद्यापासून नको! किती वर्षं घेतायत? काही आठवड्यांच्या वर असेल तरी एकदम थांबवल्यावर रात्र रात्र डोळा लागत नाही, हात कापतात, कधी फिटसुद्धा येते. डॉक्टर दर दोन-चार आठवड्यांनी थोडी थोडी कमी करायला देतील, शेवटच्या टप्प्यात अजून सावकाश. गणपतीच्या धामधुमीत शेवटचा टप्पा येऊ देऊ नका, घरात पाहुणे आणि जागरणं असतात.

सुरंगी | १५ जून, रात्री ९.५८

चार वर्षं झाली. बरं झालं विचारलं. सोमवारी डॉक्टरांना फोन करते, तोवर वहिनीला रोजच्याप्रमाणेच द्यायला सांगितलंय. आई किती वाजता झोपते आणि किती वाजता उठते ते आजपासून वहीत लिहायला घेतलं. आजचं पहिलं पान वहिनीने पाठवलंय: "साडेनऊ. निजल्या."